वर्ग चांगला, पालकसभा त्याहून चांगली, शिक्षकांसाठी मात्र अर्धवट : ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका शैक्षणिक सेवेचे परीक्षण

गेल्या जूनपासून यंदाच्या मार्चअखेरपर्यंत आमच्या मुलांच्या शाळेत एका स्थानिक संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वाचन व गणिताचा पूरक वर्ग चालवला, वस्तीत पालकांच्या बैठका घेतल्या आणि शिक्षकांसाठी महिन्यातून एक सत्र ठेवले. ही सेवा शाळेला विनामूल्य मिळते. पुस्तके हरवली-फाटली तर भरपाई म्हणून पालकांकडून वर्षाला पन्नास रुपये घेतले जातात आणि नुकसान झाले नाही तर ते मार्चमध्ये परत मिळतात. (मला पूर्ण परत मिळाले; शेजारणीला तीस मिळाले, कारण तिच्या धाकट्याने एका पुस्तकातला वाघ कात्रीने कापून भिंतीवर चिकटवला होता.) किसननगर आणि लोकमान्यनगर भागातल्या आणखी काही शाळांच्या व्यवस्थापन समित्या ही सेवा घ्यावी का, अशी विचारणा आमच्याकडे करीत आहेत. दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हे परीक्षण. संस्था लहान आहे, तिच्या बहुतेक स्वयंसेविका याच वस्तीत राहतात आणि काही बाबतींत मला कडक लिहावे लागणार आहे, म्हणून संस्थेचे आणि शाळेचे नाव येथे देत नाही. ज्यांनी विचारणा केली आहे त्यांना ती माहीत आहेतच.

मी शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही समितीची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात मी दोन वर्षे जी समिती पाहिली तिच्यात आम्ही पालक भिंतीकडेच्या बाकावर बसायचो, चहा प्यायचो आणि वहीत सही करून घरी जायचो. मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळे ‘तुम्हाला कागद कळतात’ असे म्हणून बाकीच्या बायांनी माझे नाव पुढे केले होते, एवढीच माझी पात्रता. या संस्थेशी झालेल्या करारपत्रावरही मी वाचल्यासारखे करून सही केली होती, हे सुरुवातीलाच कबूल करते, कारण त्याचा परिणाम पुढे येणार आहे.

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घेतली जाते. एका कागदावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, चार वाक्यांचा एक परिच्छेद आणि एक थोडी मोठी गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करतात. तो जमला तर गोष्ट वाचायला देतात, अडखळला तर शब्दांकडे येतात. पाचांपैकी चार शब्द बरोबर वाचले तर मूल ‘शब्द’ पातळीवर धरतात, नाहीतर अक्षरांकडे वळतात. परिच्छेद पहिलीच्या तोडीचा आणि गोष्ट दुसरीच्या तोडीची असते. २००५ पासून देशभरातील ग्रामीण भागात मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत हेच साधन वापरले जाते, त्यामुळे ते पारखलेले आहे. आमच्याकडे वेगळे होते ते एवढेच, की चाचणीच्या वेळी आईला किंवा वडिलांना मुलाशेजारी बसवले जात होते.

माझ्या मुलीच्या चौथीच्या चाचणीचा दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण तिच्या आदल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात मराठीला ‘अ-१’ होते आणि मी जरा ताठ मानेनेच गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली, समोर विशी-बाविशीची एक स्वयंसेविका, आणि चाचणीचा कागद तिने हातात न धरता मुलीच्या गुडघ्यापाशी सपाट ठेवलेला, म्हणजे मुलीला तो हवा तसा ओढून घेता यावा. मुलीने परिच्छेद घडाघडा वाचला. मग गोष्टही वाचली, पाढे म्हटल्यासारखी, पूर्णविरामावर श्वासही न घेता. मी आजूबाजूच्या आयांकडे एकदा पाहूनही घेतले. मग स्वयंसेविकेने कागद उलटा केला आणि विचारले, “बकरी नदीवर कशाला गेली होती गं?” माझी मुलगी गप्प. पुन्हा विचारल्यावर ती चिडून म्हणाली, “ताई, वाचलं ना मी!”

स्वयंसेविकेने तिला काही म्हटले नाही आणि मलाही काही ऐकवले नाही. वहीत ‘गोष्ट वाचते, अर्थ लागत नाही’ अशी नोंद केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. तीन वर्षे ज्या वाचनाचे मला कौतुक होते त्यात फक्त तोंड चालत होते, हे कळायला पाच मिनिटे पुरली. या सेवेबद्दल मला जो काही आदर आहे त्याची सुरुवात तिथे झाली. प्रगतिपुस्तकावरची श्रेणी पाहून मी सही करीत होते. कागद समोर ठेवून मुलीला ऐकणे मला कोणी शिकवले नव्हते आणि मलाही कधी सुचले नव्हते.

मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवण्याची ही पद्धत या संस्थेची नाही आणि संस्था तसा दावाही करीत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९५ च्या सुमारास काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ‘बालसखी’ या नावाने पालिका शाळांत असा प्रयोग केला होता. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी दिवसातले साधारण दोन तास वेगळे घेऊन पायाभूत वाचन आणि गणित शिकवत असे. मुंबई आणि वडोदऱ्यातील त्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केला, आणि गरिबी कमी करण्याच्या उपायांची अशा प्रकारे प्रत्यक्ष पडताळणी करण्याच्या त्यांच्या कामासाठी २०१९ मध्ये त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आता तर केंद्र सरकारच्या ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचेही उद्दिष्ट हेच आहे की, २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे. मुलुंड चेकनाक्यापलीकडे, मुंबईत, तीस वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आमच्या शाळेच्या व्हरांड्यात यायला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न मी समितीच्या सभेत विचारला होता. त्याची नोंद इतिवृत्तात झालेली नाही.

आता प्रत्यक्ष वर्गाबद्दल. परिपाठ संपल्यावर पन्नास मिनिटे, दहा-बारा मुलांचा एक गट, बाकांऐवजी फरशी. वाचनाच्या तासाला खडूने फरशीवर चौकटी आखून त्यांत अक्षरे लिहितात आणि मुले उड्या मारत शब्द जुळवतात. गंमत म्हणून हे ठीक आहे, पण मला खरे शिकवणे दिसले ते बारकाव्यांत. आमच्या गटात उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कुटुंबांतील तीन मुले होती. ‘चहा’मधला ‘च’ आणि ‘चमचा’मधला ‘च’ मराठीत वेगळा उच्चारला जातो, पण लिहिला सारखाच जातो, हे आपल्याला घरी फुकट मिळालेले ज्ञान त्या मुलांना कोणीतरी मुद्दाम द्यावे लागते. स्वयंसेविकेने त्यासाठी दोन डबे केले होते. मुलांनी शब्द ऐकायचा आणि त्याची चिठ्ठी ‘चहा’च्या डब्यात टाकायची की ‘चमच्या’च्या, ते ठरवायचे. ‘चाक’ कुठे आणि ‘चित्र’ कुठे यावरून मराठी मुलांतच जोरदार वाद झाला, आणि मीसुद्धा दोनदा मनात उच्चारून पाहिल्यावरच उत्तर ठरवले.

गणिताचा तास मला त्याहून अधिक आवडला. ‘एकोणसाठ’ लिहा म्हटल्यावर गटातल्या चार मुलांनी ६९ लिहिले होते. कारण सरळ आहे. कानावर ‘साठ’ पडते म्हणून सहा लिहायचे आणि ‘एकोण’ला नऊ. मराठी संख्यानामांची ही अडचण जुनी आहे, आणि २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता ते अनेकांना आठवत असेल. या वर्गात त्या वादात न शिरता दहा-दहा आइस्क्रीमच्या काड्यांना रबर लावून सहा गठ्ठे मांडले गेले. मग सांगितले, “साठाला एक उणा करा.” सुटी काडी नाहीच, तेव्हा मुले गोंधळली. एका मुलाने शेवटी एका गठ्ठ्याचा रबर काढला, एक काडी बाजूला ठेवली, उरलेल्या नऊ मोजल्या, शाबूत गठ्ठे पाच मोजले आणि स्वतःच म्हणाला, “म्हणजे पाच आणि नऊ!” पुढच्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी आली तेव्हा त्याच मुलाने ‘गठ्ठा सोडायचा’ असा शब्द वापरला. आमच्या घरी आता हातच्याला गठ्ठाच म्हणतात.

पुस्तकांबाबत मात्र माझी तक्रार आहे. प्रत्येक वर्गासाठी एका पत्र्याच्या कपाटात चाळीसेक गोष्टींची पुस्तके दिली जातात. चित्रे चांगली आहेत, अक्षर मोठे आहे, पातळीनुसार कडेला रंगीत पट्टी आहे. पण त्यातली बरीच पुस्तके हिंदीवरून घाईने मराठीत आणलेली आहेत, हे दुसऱ्याच पानावर कळते. गोष्टीतली मुले जत्रेऐवजी ‘मेळ्याला’ जातात, आजीला ‘नानी’ म्हणतात आणि पैसे ‘गुल्लक’मध्ये टाकतात. ‘गुल्लक’ शब्दापाशी सगळा गट अडला, आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या ज्या मुलाला एरवी मराठीसाठी मदत लागत असे त्याने बाकीच्यांना तो शब्द समजावून सांगितला, त्या दिवशी त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. तरीही प्रसंग गोड होता म्हणून दोष लपत नाही. शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेची स्थिती याहून वाईट असून ‘मुलांना प्रोत्साहित करा की ते प्रश्न विचारतील’ अशा मराठीत ती लिहिलेली आहे. ज्या शहरात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, तिथल्या संस्थेला मुलांसाठी चांगल्या मराठी गोष्टी निवडून देणारा माणूस मिळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी उणीव म्हणजे स्वयंसेविका टिकत नाहीत. दहा महिन्यांत आमच्या गटाला तीन ताई झाल्या. पहिली नर्सिंगला गेली, दुसरीचे लग्न ठरले. मानधन इतके कमी आहे की ज्या मुलीला दुसरे काही मिळते ती जाणारच, आणि तिला दोष देणे अन्यायाचे होईल. पण प्रत्येक बदलानंतर दोन-तीन आठवडे वाया जातात, मुले नव्या ताईला पारखून घेतात, आणि आधीच्या ताईच्या वहीतल्या नोंदी नवीला मिळत नाहीत. माझ्या मुलीची ‘अर्थ लागत नाही’ ही नोंद दिवाळीनंतरच्या वहीत नव्हतीच. ती मी तोंडी सांगितली.

आता पालकसभा. या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण संस्थेच्या पत्रकात याला दोन ओळी दिलेल्या असल्या तरी माझ्या मते तिची सर्वांत मोलाची सेवा हीच आहे.

पहिली सभा साफ फसली. ती संध्याकाळी सहा वाजता मंडळाच्या कार्यालयात ठेवली होती, आणि आमच्या चाळीत पाणी सहा ते साडेसात येते. ज्या घरात एकच बाई आणि एकच नळ आहे तिथून त्या वेळी कोण येणार? चार बायका आणि एक आजी एवढ्याच आल्या. संस्थेच्या समन्वयकाने त्या महिन्याच्या अहवालात ‘पालक उदासीन’ असे लिहिले, आणि तो अहवाल समितीपुढे आला तेव्हा मी पहिल्यांदा सही करायला नकार दिला. त्यांनी शब्द बदलला, हे त्यांच्या श्रेयात नोंदवते. आणि त्याहून महत्त्वाचे, त्यांनी वेळ आणि जागा दोन्ही बदलली. पुढच्या सभा साडेआठ वाजता आमच्याच चाळीच्या मधल्या गल्लीत झाल्या. बायका कणीक मळता मळता उंबऱ्यात बसून ऐकायच्या. हळूहळू वडीलही यायला लागले, निदान भिंतीला टेकून उभे राहायला.

सभेत भाषण होत नाही. दर वेळी एकच गोष्ट करून दाखवतात. एकदा सांगितले की, ‘अभ्यास झाला का’ असे विचारले तर मूल ‘झाला’ म्हणते आणि बोलणे संपते. त्याऐवजी ‘आज काय वाचलंस ते मला सांग’ म्हणावे आणि सांगताना मध्ये चूक काढू नये. दुसऱ्या वेळी, गोष्ट अर्ध्यावर थांबवून ‘पुढे काय होईल’ असे विचारायला शिकवले. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांच्यासाठीही वाट काढली होती; पुस्तक मांडीवर धरायचे, मुलाला वाचायला लावायचे आणि चित्र पाहून प्रश्न विचारायचे. शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून जे ‘पहिले पाऊल’ अभियान चालते, त्यात मातांचे गट आणि घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डे असतातच. ही संस्था तीच कल्पना तिसरी-चौथीपर्यंत पुढे नेते.

माझी शेजारीण घरी टिकल्यांची पाकिटे भरण्याचे काम करते. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली. एका रात्री मी तिच्याकडे साखर मागायला गेले तेव्हा ती खाली बसून भराभर टिकल्या कार्डावर लावत होती, आणि मुलगा पलंगावर आडवा पडून मोठ्याने गोष्ट वाचत होता. हातातले काम न थांबवता ती एकदम म्हणाली, “दोन पानं एकदम उलटलीस ना रे?” त्याने उलटली होती. मी विचारले, तुला कसे कळले? ती म्हणाली, “अगं, कासव आत्ता तर तळ्यात होतं, लगेच घरी कसं पोचलं?” ज्या बाईला शाळेच्या सभेत ‘तुम्ही घरी लक्ष देत नाही’ असे ऐकून घ्यावे लागत होते, ती आता मुलाच्या गोष्टीतला दुवा निसटलेला पकडते. पन्नास रुपयांच्या अनामतीत हे मिळत असेल तर यापेक्षा स्वस्त काही मला माहीत नाही.

निरोपांची पद्धतही नंतर सुधारली. सुरुवातीला व्हॉट्सॲपच्या गटावर लांबलचक लिखित सूचना यायच्या आणि अर्ध्या बायका त्या वाचून घेण्यासाठी माझ्या दाराशी यायच्या. नोव्हेंबरपासून ताई पाऊण मिनिटाचा आवाजी निरोप पाठवू लागली, तोही मुलाचे नाव घेऊन. माझ्या दाराशी येणाऱ्यांची संख्या कमी झाली आणि माझी भाजीही करपायची थांबली.

शिक्षकांसाठीच्या सेवेला मात्र मी जेमतेम उत्तीर्ण म्हणेन. महिन्यातून एका शनिवारी दोन तासांचे सत्र असते, त्यात स्लाइड दाखवतात, गटचर्चा होते आणि शेवटी अभिप्रायाचा अर्ज भरून घेतात. आमच्या वर्गशिक्षिका बाईंना मी त्याबद्दल विचारले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “माझ्या वर्गातली मुलं ताई घेऊन जाते आणि पन्नास मिनिटांनी आणून सोडते. मधे काय झालं ते मला त्यांच्या अर्जातून कळतं.” मला हे वाक्य फार योग्य वाटते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना नियमित भेटून मुलाच्या प्रगतीची माहिती देणे ही शिक्षकाची कर्तव्ये म्हणूनच लिहिलेली आहेत. म्हणजे ही सेवा जे काम करते ते मुळात बाईंचेच आहे. त्यांना ते करता यावे अशी मदत हवी. त्यांच्या हातून ते काढून घेतले तर संस्था गेल्यावर ते कोणाकडेच राहत नाही.

बाईंना वेळ का मिळत नाही, हेही मी या वर्षात जवळून पाहिले. त्याच कायद्याचे कलम २७ म्हणते की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत; पण निवडणुकीच्या याद्यांचे काम, ऑनलाइन माहिती भरणे, आधार जुळवणे, पोषण आहाराचा तांदूळ मोजून नोंदवणे यांतून बाईंचा फोन खाली राहत नाही. अशा माणसापुढे संस्थेने आणखी एक नोंदवही ठेवली. मुलांच्या पातळ्यांची जी माहिती स्वयंसेविकेच्या वहीत आधीच आहे तीच बाईंनी वेगळ्या तक्त्यात पुन्हा भरायची, कारण देणगीदारांना ‘शिक्षकांचा सहभाग’ दाखवायचा असतो. मी हिशेबाचे काम करते, मला दुहेरी नोंदीचे वावडे नाही. पण ती नोंद दोन्ही बाजू जुळतात का हे पाहण्यासाठी असते, आणि इथे जुळवून पाहणारे कोणीच नव्हते.

एक प्रसंग लिहावा की नाही यावर मी बराच विचार केला. आमच्या गटात एक मुलगा होता. तोंडी गणितात तो सगळ्यांच्या पुढे, गोष्ट ऐकून शब्दन् शब्द सांगणारा, पण कागदावरची अक्षरे त्याला ओळखूच येत नसत, आणि ‘ब’ व ‘व’, ‘म’ व ‘भ’ यांची अदलाबदल वर्षभर थांबली नाही. दुसऱ्या ताईने त्याच्या आईला सभेत, सगळ्यांसमोर, मुलगा आळशी असल्याचे सांगितले. आईने त्या रात्री त्याला मारले. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मोडते, आणि निदान झालेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. हे त्या ताईला कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे तिच्यावर मी फार रागावू शकत नाही. पण वाचनात मागे असलेल्या मुलांसाठीच जी संस्था काम करते तिच्याकडे असे मूल कोणाकडे पाठवायचे याची साधी लिखित पद्धतही नसावी, हे मला माफ करता येत नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली मानसिक आरोग्य संस्था याच ठाण्यात आहे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचे विशेष मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. म्हणजे ज्यांना विचारता येईल अशी अनुभवी माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. जानेवारीत आम्ही समितीतर्फे लेखी पत्र दिले. त्यानंतर संस्थेने त्या आईची माफी मागितली आणि मुलाच्या तपासणीची व्यवस्था केली. सभेत एखाद्या मुलाबद्दल नाव घेऊन बोलायचे नाही, असा नियमही तेव्हापासून झाला.

काही जण या सेवेची तुलना तीन हात नाक्याच्या सिग्नल शाळेशी करतात, ती मला पटत नाही. समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने २०१६ मध्ये उड्डाणपुलाखाली जी शाळा उभी केली ती रस्त्यावर वाढणाऱ्या, शाळेपर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी. तिथे शाळाच मुलांकडे न्यावी लागली. आमची मुले रोज शाळेत जातात, हजेरी लागते, खिचडी खातात आणि तरीही काहींना वाचता येत नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि एकाचे यश दुसऱ्याच्या मोजपट्टीने मोजता येणार नाही.

पाचांपैकी गुण द्यायचे तर मुलांच्या वर्गाला साडेतीन, पालकसभेला साडेचार आणि शिक्षकांच्या सत्राला दोन. ज्या समित्या करार करणार आहेत त्यांनी तीन अटी आधी लिहून घ्याव्यात. आठवड्यातून निदान दोन दिवस वर्गशिक्षिका गटात स्वतः बसतील आणि त्या वेळी उरलेला वर्ग स्वयंसेविका सांभाळेल. नोंदवही एकच असेल आणि ती शाळेत राहील. सभेची वेळ पालक ठरवतील. आम्ही यातली एकही अट घातली नव्हती, कारण मी करारपत्र वाचलेच नव्हते. नंतर वाचले तेव्हा सहाव्या कलमात असे सापडले की, कार्यकाळ संपल्यावर पुस्तके ‘शाळेच्या ताब्यात’ राहतील.

ती राहिली आहेत. मार्चअखेरीस संस्थेच्या ताई गेल्या, पत्र्याचे कपाट कुलूप लावून कार्यालयात हलवले गेले आणि पुस्तके मोजून यादीप्रमाणे बरोबर भरली. एप्रिलमध्ये माझ्या मुलीने पुस्तक मागितले तेव्हा तिला सांगितले गेले की, हरवली तर जबाबदारी कोणाची, म्हणून सध्या देत नाही. मुख्याध्यापिकांची अडचण मला समजते. लेखापरीक्षणात कमी पडलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून समितीपुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला आहे की, पालकांची पन्नास रुपयांची अनामत पुढेही चालू ठेवावी, हरवलेली पुस्तके त्यातून भरून काढावीत आणि कपाटाची एक किल्ली पाचवीच्या वर्गातील दोन मुलांकडे मधल्या सुट्टीपुरती द्यावी. जूनच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथ्या क्रमांकावर आहे, चहाच्या आधी.